करंजखारचा जावई

"मार्चअखेर म्हणजे मार्चअखेर! तुमच्या खाडीची भरती थांबते का कुणासाठी? मग सरकार का थांबेल?"

गावदेवीच्या पारावर उभा राहून त्र्यंबक बर्वे ओरडत होता. समोर करंजखार युवक मंडळ बसलं होतं. मंडळ म्हणजे काय, तर मिठागरावरून तशीच उठून आलेली सात-आठ पोरं, पोटऱ्यांपर्यंत वाळलेला चिखल, आणि तोंडावर 'हा कधी एकदा गप्प बसतोय' असा भाव. अध्यक्ष गोविंदा तेवढा मान डोलावत होता, कारण त्याला विकास गटाच्या युवक-नेता शिबिरात जायचं होतं. शिबिर केलं की ग्रामसेवकाच्या नोकरीत वशिला लागतो, असं त्याला कुणीतरी सांगितलेलं.

त्र्यंबक कल्याण विकास गटात समाजशिक्षण संघटक होता. हुद्दा भारी, काम हमालाचं. मुंबईहून परिपत्रक निघायचं ते ठाण्याला, ठाण्याहून कल्याणला आणि कल्याणहून याच्या डोक्यावर. यानं ते नेऊन गावात आदळायचं. कधी निर्धूर चूल, कधी कंपोस्टचा खड्डा, कधी जपानी भातशेती. प्रत्येकाचं शिबिर वेगळं, प्रत्येकाची शेवटची तारीख वेगळी. यातलं काडीचंही गावात होणार नाही याची त्याला खात्री होती आणि होत नाही याचं दुःखही नव्हतं. अडतिशी उलटलेला, बिनलग्नाचा, ठाण्याला नौपाड्यात थोरल्या भावाकडे राहणारा हा गृहस्थ रात्री जेवताना भावजयीला गावच्या लोकांच्या नकला करून दाखवायचा. सुमतीवहिनी तोंडाला पदर लावून हसायच्या. दिवसभर उन्हातान्हात हिंडून त्र्यंबक घरी आणायचा ते एवढंच.

"मेळावा कल्याणला आहे," तो पुढे म्हणाला. "प्रत्येक मंडळानं एक लोककला सादर करायची. मोठे साहेब येणारेत. तुमच्यातर्फे मी 'धवला' कळवून टाकलाय."

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. गोविंदाची मान डोलायची थांबली.

"धवला नको, सायेब," तो म्हणाला. "नाचाची गानी घ्या ना. जाम गानी हायत आमच्याकडं."

"नाचाची गाणी सगळेच आणणार. मला अस्सल काहीतरी पाहिजे. ती तुमची म्हातारी कुठाय, आवडाबाई?"

आवडाबाई लांब नव्हतीच. पाराच्या पायरीवर बसून सुकी मासळी निवडता निवडता ती सगळं ऐकत होती. ती गावची धवलारीण. त्या गावात लग्नाला भटजी आला तर आला, नाही आला तर नाही. नवरा-नवरीला पाटावर बसवून आवडाबाईनं धवला गायला की लग्न लागलं. करंजखारच्या दोन पिढ्यांची लग्नं तिच्या गळ्यानं लागली होती. अंगानं काटकुळी, तोंडानं फटकळ, आणि सरकारी माणूस दिसला की कपाळाला आठी पडलीच म्हणून समजा.

"धवला गानं नय हाय, सायेब," मान वर न करता ती म्हणाली. "त्यो लगीन हाय."

"बरं, मग लग्न दाखवा."

"नवरा-नवरी बसल्याबिगर मी तोंड उघरीत नय."

"बसवू की कुणालाही! हा गोविंदा बसेल. गावातली ती शकू बसेल. दहा मिनिटांचं तर काम."

"ज्याला बसवाल त्याचा लगीन लागंल."

त्र्यंबक हसला. हे वाक्य रात्री वहिनींना सांगायचं, हे त्यानं मनात टिपून ठेवलं. मग आवाज चढवून म्हणाला, "हे बघा, धवला नाही तर मेळाव्यात मंडळ नाही, आणि मेळाव्यात मंडळ नाही तर गोविंदा शिबिरात नाही. तारीख गेल्यावर माझ्याकडे रडत यायचं नाही."

आवडाबाईनं तेव्हा कुठे मान वर केली. गोविंदा तिच्या मेलेल्या बहिणीचा मुलगा. तिनंच त्याला वाढवला होता. तिनं आधी त्याच्याकडे बघितलं, मग सडका बोंबील टोपलीतून बाजूला काढावा तशा नजरेनं त्र्यंबकाकडे बघितलं.

"येन मी," ती म्हणाली. "पन गाईन तं खरा गाईन. लबारीचा धवला मना येत नय."

"खराच गा, बाई, खराच गा!" त्र्यंबक म्हणाला आणि छत्री उचलून चालू लागला.

बांधावरून जाताना ग्रामसेविका सरोज आठवले त्याच्याबरोबर थोडी चालत आली. सरोज तिशीची. लग्नाला वर्ष होत नाही तोच नवरा विषमज्वरानं गेला. सासरच्यांनी तिला डोंबिवलीला मामाकडे आणून सोडलं ती कायमचीच. मामांकडे चार वर्षं भांडी घासल्यावर तिनं हट्टानं सेविकेचं प्रशिक्षण घेतलं, आणि आता करंजखारमध्ये आवडाबाईच्याच पडवीत तिचं बिऱ्हाड होतं.

"बर्वे, मावशी चेष्टा करत नाहीयेत," ती म्हणाली. "त्या मानतात ते."

"अहो सरोजबाई, तुम्ही मॅट्रिक झालेल्या! तुम्हीसुद्धा?"

सरोज बांधावरूनच मागे वळली. त्र्यंबकाच्या नकलांमध्ये सरोजचीही एक नक्कल होती. पदर डोक्यावर, मान खाली आणि 'हो मावशी, बरं मावशी'. वहिनींना ती फार आवडायची.

कल्याणचा मेळावा मेळाव्यासारखाच झाला. शाळेच्या पटांगणात मांडव, मांडवात साहेब, मांडवाबाहेर उन्हात तरुण. मोठ्या साहेबांनी तरुणांना देश घडवायला सांगितलं. मग दुसऱ्या साहेबांनी पुढच्या शिबिरांच्या तारखा वाचल्या, त्या दोनदा वाचल्या आणि दोन्हीदा वेगवेगळ्या वाचल्या. एका मंडळानं लेझीम केलं, एकानं काठीनृत्य. त्र्यंबक पडद्यामागे उभा राहून प्रत्येकाला नाक मुरडत होता.

आवडाबाई चार बायकांना घेऊन होडीनं कल्याण बंदरावर उतरली होती आणि पडद्यामागे येऊन कुणाला काही न विचारता कामाला लागली होती. तांदळाचा चौक मांडला. पाट मांडले. कलश ठेवला, हळद कालवली. ओल्या हळदीचा वास पडद्यामागे दरवळला तशी नवरीच्या साडीत नटलेली शकू पाटाजवळ येऊन थबकली.

"मावशी, यी खरी हलद?"

"मंग खोटी कनची असते?"

शकू दोन पावलं मागे सरली. "मी नय बसनार. माझा ठरलाय कोपरला. बाबा मना जित्ती गारील."

ती जी पळाली ती पटांगणाच्या फाटकापाशी जाऊन थांबली. गोविंदाचंही दुसरीकडे जमत आलं होतं. त्यानं फेटा काढून खांबाला अडकवला आणि "सायेब, माफी करा" म्हणून तोही सटकला. शिबिर गेलं खड्ड्यात, असा त्याचा चेहरा होता.

"रानटी! निव्वळ रानटी लोक!" त्र्यंबक दातओठ खात म्हणाला. "यांच्यासाठी योजना आखतंय सरकार! गाण्याला भितात!"

तेवढ्यात शिपाई आत डोकावला. "साहेब विचारतात, करंजखार आहे की नाही?"

त्र्यंबकाच्या नोकरीला कायमपणाचा शिक्का अजून लागायचा होता आणि तो याच साहेबांच्या हातात होता. त्यानं खांबावरचा फेटा ओढला आणि स्वतःच्या डोक्यावर चढवला.

"मी बसतो! बघूच काय आभाळ कोसळतं ते. सरोजबाई, या. बसा."

सरोज कडेला उभी होती. "विचारताय, का सांगताय?"

"विचारतोय हो, विचारतोय! दहा मिनिटं. साहेब बाहेर खोळंबलेत."

सरोजनं त्या पाटाकडे बघितलं. लग्नकार्य असलं की मामांच्या घरी तिला मागच्या खोलीत तांदूळ निवडायला बसवत. हळदी-कुंकवाची ताटं तिच्या अंगावरून पुढे जात. तिनं पदर सारखा केला आणि ती येऊन पाटावर बसली.

आवडाबाई दोघांच्या पुढ्यात आली. तिनं आधी सरोजच्या हनुवटीला हात लावला.

"बाय, तुझी मर्जी हाय का? नीट इचार करून सांग."

सरोजनं पुढ्यातल्या तांदळाच्या चौकाकडे बघितलं. शिपाई पडद्याची दोरी धरून चुळबुळत होता.

"आहे," ती म्हणाली.

"आनी तुझी?"

"आहे हो, आहे!" त्र्यंबक पडद्याकडे बघत म्हणाला. "म्हणा आता!"

पडदा वर गेला आणि आवडाबाईनं आवाज लावला. साहेबांसाठी नाही, माणसांसाठी नाही. कुठे लांब असलेल्या कुणाला तरी बोलवावं तसा. तिनं गावदेवीला बोलावलं, खाडीला बोलावलं, जमिनीला बोलावलं, दोन्ही घरांतल्या मेलेल्या आयांना बोलावलं. तुमची पोरं बसलीत, या आणि बघा, असं ती त्यांना सांगत होती. मागच्या बायका शेवटचा शब्द उचलून धरत होत्या. त्र्यंबक सुरुवातीला तोंड वाकडं करून बसला होता, कारण या सगळ्याची नक्कल त्याला करायची होती. मग बायकांनी त्याच्या कपाळाला हळद लावली. त्याच्या आईचं नाव विचारलं आणि ते गाण्यात घेतलं. आई जाऊन वीस वर्षं झाली होती. तिचं नाव इतक्या मानानं कुणी घेतल्याचं त्याला आठवेना. त्याचा हात उचलून कुणीतरी सरोजच्या हातात दिला. तिचा हात खरखरीत होता. नक्कल करायचं त्र्यंबकाच्या ध्यानातून गेलं. आपल्याला हे असं काय होतंय, या विचारानं तो मनातून चरकला.

साहेब उभे राहून टाळ्या वाजवत होते. "अस्सल! अगदी अस्सल!"

संध्याकाळी शाळेच्या हौदावर त्र्यंबक तोंड धूत होता. सरोज बाजूला उभी होती.

"हळद धुवून टाका," तो म्हणाला. "डाग पडेल."

"पडू दे."

"तुम्ही रागावला नाहीत ना? माझा नाइलाज होता हो."

"मावशींनी मला विचारलं तेव्हा मी विचार करून उत्तर दिलं, बर्वे. तुम्ही?"

त्र्यंबकाला हसण्यावारी न्यायचं होतं, पण हसू येईना. "बोलू," तो म्हणाला. "सवडीनं बोलू आपण."

ती सवड काही त्याला मिळाली नाही. गोविंदाला शिबिरात जागा मिळाली, कारण साहेब खूष होते. त्र्यंबक दर आठवड्याला करंजखारला जायला लागला. पूर्वी तो महिन्यातून एकदा, तेही कपाळाला आठ्या घालून जायचा. आता गाव त्याला जावई म्हणायचं. सरोज गावाची लेक, तिचा हा नवरा, असा सरळ हिशेब. बांधावर दिसला की बायका पदर सावरायच्या, कुणी शहाळं फोडून द्यायचं, पारावर कांबळं अंथरलं जायचं. "ऐका हो, हे काय चालवलंय!" असं तो म्हणायचा, पण शहाळं पिऊन झाल्यावर. 'मी तुमचा जावई नाही' असं त्यानं एकदाही म्हटलं नाही. आवडाबाईच्या पडवीत सरोज चहा करायची. तो कोंबड्यांच्या शिबिराबद्दल बोलायचा, तिच्या हातांकडे बघायचा आणि शेवटच्या गाडीची घाई करून उठायचा.

त्याला ती हवी होती. रोज दाढी करताना हे त्याला लख्ख दिसायचं. डोंबिवलीत स्टेशनजवळ दोन खोल्या रिकाम्या होत्या. त्या तो दोनदा बघून आला. खिडकीशी उभं राहून चूल कुठे, कॉट कुठे, हेही ठरवलं. पण नौपाड्याला परत आल्यावर वहिनींनी ताट वाढलं की तो आमटीचंच कौतुक करत बसायचा. विधवा. वर खाडीकाठच्या बायकांत राहणारी. वहिनी काय म्हणतील, आळी काय म्हणेल, दादा पेपर खाली ठेवून कसा बघेल, हे त्याला तोंडपाठ होतं. इतकी वर्षं त्या सगळ्यांना दुसऱ्यांवर हसायला त्यानंच तर शिकवलं होतं.

"भावजी, हल्ली नकला नाहीत वाटतं?" वहिनी विचारायच्या.

"काम वाढलंय," तो म्हणायचा.

वैशाखातल्या एका रविवारी सकाळी तो गंजीफ्रॉकवर ओसरीत बसला होता, तेव्हा फाटक वाजलं. वहिनी पुढे झाल्या.

"कोण हवंय?"

"आमचे जावई," आवडाबाईचा आवाज आला.

त्र्यंबकानं उठून बघितलं. अंगणात सहा-सात बायका. आवडाबाई पुढे, लुगडं धुवट, नाकात नथ. मागे शकूच्या डोक्यावर नव्या तांदळाची टोपली, दुसरीच्या डोक्यावर मिठाचं गाठोडं. आणि मधोमध सरोज. निळं पातळ, हातात हिरव्या बांगड्या. गावानं भरलेल्या.

"नवरा न्याला येतो अशी आमच्यात रीत," आवडाबाई म्हणाली. "वाट बघितली. तुमच्यात नसंल, म्हनून आमीच पोचवाला आलू. नवा मीठ हाय घरचा. नव्या घराला पयला."

"भावजी," वहिनी सावकाश म्हणाल्या, "या मीठवाल्या काय म्हणतायत?"

शेजारच्या गॅलरीत माणसं यायला लागली होती. दादा आतून चष्मा लावत आला. सरोज मान खाली घालून उभी नव्हती. ती सरळ त्र्यंबकाकडे बघत होती. बस, एक शब्द हवा होता. 'या' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. डोंबिवलीच्या दोन खोल्या त्याच्या डोळ्यांपुढे आल्या. मग गॅलरीत कुणीतरी खुदकन हसलं.

"नाटक होतं ते!" त्र्यंबक ओरडला. "मेळाव्यातला कार्यक्रम होता, वहिनी. लोककला! या अडाणी बायकांना नाटक कळत नाही आणि लग्न कळत नाही. उचला ते तांदूळ. उचला ते मीठ!" आणि तेवढ्यावर थांबायचं तर तेही नाही. लोक बघतायत म्हटल्यावर त्याला जोर चढला. "आणि सरोजबाई, तुम्ही! शिकलेल्या तुम्ही, जरा तरी समजायला हवं होतं. विधवा बाईनं हिरव्या बांगड्या भरून परक्याच्या दारात यायचं म्हणजे... शोभतं का हे?"

सरोजच्या तोंडावरचा रंग उडाला, पण तिनं नजर हटवली नाही.

"आता मी एकदाच इचारतंय," आवडाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "यी तुझी, का नय?"

त्र्यंबकानं वहिनींकडे बघितलं. वर गॅलरीकडे बघितलं.

"नाही," तो म्हणाला.

"बरा." आवडाबाईनं मान हलवली. "धवला माघारी येत नय. नवरा जित्ता तोवर ती बांधलेली. तिला मोकली कराची तं एकच वाट हाय आमच्यात. तू मेलास. आजपासून आमच्या गावाला तू मेलास." ती वळली. "चला गो. मानूस गेलाय या घरातला. दारात हसू नका कोन."

हसत कुणीच नव्हतं. शकूनं टोपली पुन्हा डोक्यावर घेतली. सरोज फाटकापाशी एकदा थांबली, पण मागे वळली नाही. बायका एका रांगेत स्टेशनच्या दिशेनं गेल्या. वहिनींनी अंगणात पाणी मारून घेतलं.

"त्या म्हातारीची नक्कल करा ना, भावजी," रात्री वहिनी म्हणाल्या. दादासुद्धा हसून वाट बघत होता. त्र्यंबकानं ती केली. "तू मेलास, आजपासून तू मेलास!" हुबेहूब जमली. वहिनींना ठसका लागला. त्र्यंबक ताटावरून उठला आणि मोरीत जाऊन बराच वेळ हात धूत राहिला.

पुढचे आठ-दहा दिवस त्याचा डोळ्याला डोळा लागला नाही. स्वतःला शिव्या देऊन झाल्या, गावाला देऊन झाल्या. मग एके सकाळी तो काही न ठरवता डोंबिवलीला उतरला, घरमालकाकडे गेला आणि दोन्ही खोल्यांना हो म्हणून आला. खिशात जपानी भातशेतीच्या शिबिराचं परिपत्रक होतं. नावं द्यायची मुदत शनिवारची होती, म्हणजे करंजखारला जायला निमित्तही होतं. घरी सांगायचं ते मागाहून. आधी तिला सांगायचं. बांधावरून तो जवळजवळ धावतच निघाला.

वाटेत गोविंदा भेटला. खांद्यावर फावडं, शिबिरात मिळालेला बिल्ला सदऱ्याला.

"काय अध्यक्ष! मंडळ जमवा बघू," त्र्यंबक म्हणाला.

गोविंदा चालत राहिला. चिडला नाही, मान वळवली नाही, वाटेतून बाजूलाही झाला नाही. त्र्यंबकालाच चिखलात पाय टाकून बाजूला व्हावं लागलं. "माजलेत!" तो पुटपुटला. पारावर दोन म्हातारे बसले होते. त्यानं रामराम घातला. म्हातारे पावसाचं बोलत होते ते बोलतच राहिले. विहिरीवरच्या बायकांनी पदर सावरला नाही. एक जण लुगडं गुडघ्यावर खोचून पाय घासत होती, ती तशीच घासत राहिली. बाप्या माणूस समोर असताना कुठली बाई असं करील! तेव्हा त्र्यंबकाला कळलं, या गावात तो खरंच मेला होता.

महिला मंडळाची सभा आवडाबाईच्या पडवीच्या आतल्या खोलीत चालली होती. दार उघडं होतं. सरोज उभी राहून काहीतरी समजावून सांगत होती. हातात बांगड्या नव्हत्या, कपाळ मोकळं होतं. पण चेहरा रडका नव्हता.

"सरोज," दारातून तो म्हणाला. 'बाई' गळलं, ते त्याच्या लक्षातही आलं नाही. "सरोज, मी खोल्या घेतल्या. डोंबिवलीत. आपल्यासाठी. मी चुकलो. फार चुकलो. सगळ्यांसमोर सांगतो, तू माझी बायको आहेस. चल."

नौपाड्याच्या अंगणात जे एका शब्दात झालं असतं, ते तो इथे सगळं बोलून मोकळा झाला. बायकांपैकी एकीनंही मान वळवली नाही. सरोजचं बोलणं मात्र अर्ध्यावर थांबलं. तिचे डोळे दाराकडे आले, त्याच्या तोंडावर टेकले आणि तिथेच राहिले. तिचा हात पदराच्या टोकाशी गेला. आपल्याला ती बघतेय, याचाच त्र्यंबकाला केवढा आधार वाटला.

"काय गो बाय?" आवडाबाईनं विचारलं. "गप झालीस ती? कोन आलंय का?"

सरोजनं हातातला पदर सोडला.

"नाही मावशी," ती म्हणाली. "कुणी नाही."

मग ती बायकांकडे वळली आणि मघाचं पुढे सुरू केलं. भातशेतीचं शिबिर कल्याणला आहे, बायकांनीही जायचं आहे, नावं शनिवारच्या आत द्यायची आहेत. उशीर चालणार नाही. कोण कोण येणार? दोन हात वर झाले, मग तिसरा. मागून कुणीतरी विचारलं, पोरगं अंगावर पितंय, त्याला घेऊन आलं तर चालेल का. चालेल, सरोज म्हणाली, मी बोलते.

त्र्यंबक उंबऱ्याबाहेर उभा होता. परिपत्रक त्याच्या हातातच राहिलं होतं.

"ऊन येतं गो तोंडावर," आवडाबाई म्हणाली.

शकू उठली. त्र्यंबकाच्या छातीपासून हातभर अंतरावर येऊन तिनं दाराची कडी धरली आणि त्याच्या डोळ्यांदेखत दार ओढून घेतलं.